साखर, हळद आणि मधुमेह्याची जखम



खोडव्याच्या रानात बुडखा तळपायात घुसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आपण बांधावरचा दगडी पाला खुडतो (कुणी त्याला एकदांडी म्हणतात, कुणी कंबरमोडी), तळहातावर चोळून रस पिळतो अन् पुन्हा कामाला लागतो. रक्त थांबतं, आठ दिवसांत खपली धरते. बापजाद्यांचा हा उपाय खोटा आहे असं आम्ही म्हणणार नाही. उंदरांवरच्या प्रयोगांतही या पाल्याने जखमा लवकर भरल्याचं दिसलेलं आहे.

मग गेल्या हंगामात आमच्या गटातल्या एका सभासदाच्या पायाचं बोट का काढावं लागलं? पाला तोच होता. फरक एवढाच, की त्यांना बारा वर्षांचा मधुमेह. बुडखा लागलेला त्यांना कळलाच नाही. चपलेतलं रक्त संध्याकाळी घरच्यांनी पाहिलं. दुखत नाही म्हणून पंधरा दिवस पाला आणि हळद. पट्टी सोडली तेव्हा हिरवट पू आणि घाण वास.

दुखत नाही, हाच खरा घात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. अशा जखमेत स्टॅफिलोकॉकस, स्युडोमोनास यांसारखे जंतू ठाण मांडतात. हिरवट पू बहुधा या दुसऱ्याचा. ते स्वतःभोवती चिकट थर विणतात. आपल्या कारखान्यात गिरणीची सफाई चुकली की शिळ्या रसाचा बुळबुळीत थर धरतो ना, तोही जंतूंचाच उद्योग. नुसतं वरून पाणी मारून तो निघत नाही, खरवडावा लागतो. जखमेचंही तसंच.

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत जंतूंना रोखतं, यात वाद नाही. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून खोल जखमेत पोचत नाही. शिवाय डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि भेसळीची असली तर तिच्यात शिशाचा पिवळा रंगही असतो. १९९५ साली अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या संशोधन परिषदेने झगडून १९९७ साली ते रद्द करवलं. आम्हाला त्याचा अभिमानच आहे. पण ते रद्द झालं उपाय जुना म्हणून. मधुमेह्याचा सडका पाय हळदीने बरा होतो असं त्यात कुठे ठरलेलं नाही.

आता आपल्या मालाबद्दल. अमेरिकेतल्या डॉ. नटसन यांनी साखर आणि पोव्हिडोन आयोडीन यांचा लेप वापरून ६०५ रुग्णांचा अनुभव १९८१ साली प्रसिद्ध केला. साखर जखमेतलं पाणी ओढून घेते, जंतूंना वाढायला ओल उरत नाही. मधाचंही पुष्कळसं असंच. मधुमेह्याच्या रक्तात ही साखर उतरेल का, असं कुणीही विचारील. उसाची साखर आतड्यातल्या पाचक रसाने फुटते तेव्हाच रक्तात जाते, जखमेत ती तशी फुटत नाही. पण हे काम दवाखान्यातलं, साफ केलेल्या जखमेवर, देखरेखीखाली. पोत्यातली मूठभर साखर दाबून पट्टी बांधायची नव्हे. मधुमेही पायाविषयीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत तर जखम भरण्यासाठी मध आणि वनौषधींच्या पट्ट्या वापरू नयेत असंच सांगितलं आहे, कारण भरवशाचा पुरावा नाही.

तेव्हा मधुमेह असेल तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं स्वच्छ कापड बांधा, त्या पायावर भार टाकू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धनुर्वाताच्या सुईचं विचारा. लाली पसरतेय, पाय सुजलाय, कातडी काळी पडतेय किंवा ताप आहे, तर ऊसतोड असो की लग्न, थेट मोठा दवाखाना. मेलेलं मांस काढणं, हाडापर्यंत जंतू गेलेत का पाहणं, नेमकं प्रतिजैविक देणं, इन्शुलिन लावणं, यातलं एकही काम पाल्याला जमत नाही.

आमचे ते सभासद आता बूट घातल्याशिवाय रानात उतरत नाहीत. बूट घालायच्या आधी उलटा करून आपटतात, आत हात घालून खडा आहे का बघतात. रात्री नात आरसा धरते आणि तळवे तपासते.