अंथरूण पाहून पाय पसरणारी चिप

गेल्या महिन्यात आमचे चिरंजीव रात्रीच्या बसने बंगळूरला निघाले. सकाळी मुलाखत होती. वाटेत गाणी, सिनेमा, खेळ सारे मोबाईलवर झाले आणि दावणगेरे येण्याआधीच बॅटरी संपली. मुलाखतीचा पत्ता फोनमध्ये, न्यायला येणाऱ्या मामांचा नंबरही फोनमध्येच! घरचा नंबर तेवढा पाठ होता, म्हणून पहाटे कंडक्टरच्या फोनवरून त्याने कळवले. तोवर आम्ही उभयतांनी रात्र जागून काढली.

त्या रात्री प्रश्न पडला, एवढ्याशा बॅटरीवर ही सारी करमणूक चालते तरी कशी?

उत्तर शोधताना इंग्लंडमधील केंब्रिजची गोष्ट वाचनात आली. तेथील एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी संगणकासाठी नवी चिप आखली. माणसे थोडी, पैसा बेताचा. म्हणून रचना साधी ठेवली, ट्रान्झिस्टर फक्त 25 हजारांच्या आसपास. प्लॅस्टिकचे स्वस्त आवरण चालावे, यासाठी चिप फार तापूनही चालणार नव्हते. 26 एप्रिल 1985 रोजी ती चालू झाली. वीज किती लागते हे पाहायला फर्बर यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर! पाहतात तो काय, विजेची जोडणीच झालेली नव्हती. आजूबाजूच्या जोडण्यांतून झिरपणाऱ्या विजेवरच चिप काम करीत होती.

हीच एआरएम. 2001 च्या पहिल्या आयपॉडमध्ये याच घराण्यातली चिप होती आणि आजच्या बहुतेक मोबाईलमध्येही हेच घराणे नांदते आहे.

काटकसरीच्या युक्त्या मात्र आपल्या घरातल्याच वाटाव्यात. पहिली, मंद आच. व्होल्टेज 1.2 वरून 0.9 वर आणले, की त्याच कामाला सुमारे 44 टक्के वीज कमी लागते; वेग मात्र घटतो. दुसरी, रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणे. चिपच्या ज्या भागाला काम नाही, त्याची वीज तोडतात. तिसरी, ज्याचे काम त्याने करावे. सिनेमा उलगडून दाखवायला चिपमध्ये वेगळा विभाग असतो. तो तेच काम फार कमी विजेत करतो. चौथी, चार मिरे कुटायला गिरणी कशाला? खलबत्ता पुरतो. 2011 मध्ये एआरएमने मोठे आणि छोटे गाभे एकत्र नांदवण्याची रचना जाहीर केली. हलके काम छोट्याकडे, खेळासारखे जड काम मोठ्याकडे. म्हणूनच खेळ सुरू झाला, की फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. शिवाय पडद्याचा उजेड वीज खातो तो वेगळाच.

आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. शेजारच्या अक्का म्हणतात, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. दोन्ही भाषांतले शहाणपण या चिपने ऐकलेले दिसते!

योगायोग असा, की त्याच 1985 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला केंद्र उघडले. आज तेथे अनेक कंपन्यांत चिपची आखणी चालते. चिरंजीवांची मुलाखतही अशाच कामासाठी होती. निकाल यायचा आहे. तूर्त त्यांनी एक धडा घेतला आहे. मामांचा नंबर आता कागदावर लिहून खिशात असतो.