बाक सरळ, तर काम सरळ

सुरतेचा कारागीर हिरा पकडीत नेमक्या कोनात बसवतो, तेव्हाच पैलू जुळतात. घरच्या छोट्या मिलिंग मशीनवरही नियम तोच. बेळगावच्या उद्यमबागेत हे मुरलेले आहे; घरी शिकणारी मुले मात्र बाक नजरेनेच लावतात.

आधी टेबल व बाकाचा तळ पुसावा. एक बोल्ट बेताचा आवळावा, दुसरा सैल ठेवावा. स्पिंडलला लावलेल्या डायलचे टोक स्थिर जबड्यावर टेकवून टेबल सरकवावे. काटा हलला, तर सैल बाजू लाकडी हातोडीने हलकेच ठोकावी. दोन्ही टोकांना काटा सारखा आला, की बोल्ट आवळून पुन्हा पाहावे; आवळताना बाक सरकतो.

१०० मिमीला ०.१ मिमी तिरपे राहिले, तर खाचही तेवढीच तिरपी. कापलेला धातू परत येत नाही. म्हणून कन्नडमधले ‘सरि’ डायल पाहूनच म्हणावे!