दूरनियंत्रित रॉक क्रॉलरमधील फेरबदल

दूरनियंत्रित रॉक क्रॉलर हे खडकाळ, उंचसखल जमिनीवरून अतिशय मंद गतीने चढउतार करणाऱ्या चारचाकी वाहनाचे, विद्युत मोटरीवर चालणारे लहान प्रतिरूप होय. ही वाहने प्रामुख्याने १:१० या प्रमाणात बनवली जातात. शर्यतीच्या दूरनियंत्रित गाडीत वेगाला महत्त्व असते, तर क्रॉलरमध्ये न उलटता, न घसरता आणि न अडकता अडथळा पार करण्याला महत्त्व असते. कारखान्यातून आलेले वाहन जसेच्या तसे वापरणारे हौशी चालक थोडेच. बहुतेक जण त्याची चाके, गिअर, मोटर, वजनाची मांडणी आणि वरचा सांगाडा आपल्या गरजेप्रमाणे बदलतात, आणि अनेकांच्या मते या छंदाचा खरा गाभा चालवण्यात नसून या फेरबदलांतच आहे. मात्र यातील कोणताही बदल एकटा राहत नाही. एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी काही ना काही मागणी निर्माण करतो.

पूर्वपीठिका

जपानमधील तामिया या कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली दूरनियंत्रित मोटरगाडी बाजारात आणली. १९८१ मध्ये तिचा टोयोटा हायलक्स हा चारही चाकांना जोर देणारा ट्रक आला. धातूची शिडीसारखी चौकट, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि बदलता येणारे गिअर यांमुळे तो खऱ्या वाहनाच्या रचनेच्या बराच जवळ होता. १९८७ चा क्लॉड बस्टर हा मोठ्या चाकांचा ट्रक खडक चढण्यासाठी बनवलेला नव्हता, पण त्याचे भक्कम अ‍ॅक्सल काढून अमेरिकेतील हौशी लोकांनी घरच्या घरी क्रॉलर जुळवले. म्हणजे या प्रकाराचा उगमच मुळी फेरबदलातून झाला. पुढे अ‍ॅक्सियल कंपनीच्या एससीएक्स१० (२००९) या वाहनाने प्रतिकृतीचे रूप आणि चढण्याची क्षमता यांची सांगड घातली. ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ (२०१७) मध्ये पोर्टल अ‍ॅक्सल तयारच मिळू लागले.

प्रमाण आणि चढाई यांतील विरोध

प्रतिकृती जितकी मूळ वाहनाशी इमानदार, तितकी ती खडकावर दुबळी ठरते. नाशिक येथील कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्रा थार या वाहनाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. २०२० मध्ये आलेल्या तीन दारांच्या थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर, रुंदी १,८२० मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,४५० मिलिमीटर आहे. १:१० या प्रमाणात हे आकडे अनुक्रमे ३९८.५, १८२ आणि २४५ मिलिमीटर होतात. १८ इंची रिमवर बसणाऱ्या २५५/६५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो, म्हणजे प्रतिकृतीत ७९ मिलिमीटर.

याउलट बाजारात मिळणाऱ्या अनेक १:१० क्रॉलरचा व्हीलबेस ३१३ मिलिमीटर आणि टायरचा व्यास ११० ते १२० मिलिमीटर असतो. अशा चौकटीवर थारचे रूप बसवायचे तर एकतर चौकट आणि अ‍ॅक्सलला जोडणारे दांडे आखूड करावे लागतात किंवा वरचा सांगाडा खोटा लांबवावा लागतो. चाकांच्या कमानीही मोठ्या कापाव्या लागतात. भारतात स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि थारचे रूप त्याच परंपरेतून आले. त्यामुळे सहज मिळणारा जीपचा सांगाडा घेऊन त्याची जाळी, दिवे आणि मडगार्ड बदलणे हा सोपा मार्ग ठरतो. आता त्रिमितीय छपाईमुळे असे सुटे भाग घरीही बनवता येतात.

लहान प्रतिकृतीला निसर्गाची एक सवलत मात्र मिळते. लांबी दहापट कमी केली की भागांच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपट कमी होते, पण घनफळ आणि त्यासोबत वजन हजारपट कमी होते. त्यामुळे वजनाच्या तुलनेत प्रतिकृतीचे भाग मूळ वाहनापेक्षा पुष्कळ मजबूत असतात. खरी जीप ज्या पडझडीत मोडीत निघेल, तशाच प्रमाणातील पडझडीतून प्रतिकृती उठून पुन्हा चालू लागते.

वजनाची मांडणी

क्रॉलरमध्ये सर्वांत परिणामकारक, आणि बहुधा सर्वांत स्वस्त, फेरबदल वजनाचा असतो. चढणीवर वाहन मागच्या चाकांच्या टेकूभोवती उलटते. गुरुत्वमध्यातून सोडलेली लंबरेषा त्या टेकूच्या मागे गेली की वाहन कोलांटी खाते. या मर्यादेच्या कोनाची टॅन्जन्ट किंमत म्हणजे गुरुत्वमध्याचे मागच्या अ‍ॅक्सलपासूनचे आडवे अंतर भागिले त्याची जमिनीपासूनची उंची. शालेय त्रिकोणमितीचा इतका रंजक उपयोग क्वचितच सापडेल.

समजा, वाहनाचे वजन २,८०० ग्रॅम आहे, ते पुढे-मागे समान विभागले आहे आणि गुरुत्वमध्याची उंची ९० मिलिमीटर आहे. व्हीलबेस ३१३ मिलिमीटर असेल तर उलटण्याचा कोन सुमारे ६० अंश येतो. थारप्रमाणे तो २४५ मिलिमीटर केला तर कोन ५४ अंशांवर उतरतो. प्रमाणाशी इमान राखण्याची ही किंमत होय.

ती भरून काढण्यासाठी नवशिके चालक पितळी भाग विकत घेतात. पितळाची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त असल्याने चाकाजवळचे पितळी आवरण लहान जागेत बरेच वजन देते. ही कल्पना योग्य आहे, पण हिशेब काही वेगळेच सांगतो. वरील वाहनात चाकाच्या मध्याशी, म्हणजे ५५ मिलिमीटर उंचीवर, ३०० ग्रॅम पितळ वाढवले तर गुरुत्वमध्य केवळ साडेतीन मिलिमीटर खाली येतो. त्याऐवजी १८० मिलिमीटर उंचीवरचे ३०० ग्रॅम काढून टाकले तर तो जवळजवळ अकरा मिलिमीटर खाली येतो. टपावरचे सामानाचे लोखंडी जाळे, त्यावरचे डबे, जाड प्लास्टिकचे छत यांचा भार पितळाने फेडता येत नाही. म्हणून आधी डोके हलके करावे, मग पाय जड करावेत.

त्यानंतर बॅटरी मागून काढून पुढच्या अ‍ॅक्सलच्या वर, शक्य तितक्या खाली बसवली जाते. डोके हलके केलेल्या त्या आखूड थारमध्ये ६० टक्के वजन पुढे आले तर चढणीची मर्यादा सुमारे ६२ अंशांवर जाते, म्हणजे लांब चौकटीच्या मूळ वाहनापेक्षाही जास्त. मात्र उतरताना हेच वजन उलटे काम करते आणि पुढे कोलांटी खाण्याची मर्यादा ५१ अंशांच्या आसपास येते. ज्या जागेत उतार अधिक तीव्र आहेत, तेथे चालक पुढचे वजन थोडे कमी ठेवतात.

प्रत्यक्षात इतक्या कोनापर्यंत पोहोचण्याआधी टायर घसरतात, कारण ४५ अंशांच्या चढणीला घर्षणांक किमान एक लागतो. तरीही हे गणित निरुपयोगी ठरत नाही. पुढचे चाक एखाद्या पायरीवर चढले किंवा मोटरीला अकस्मात जोर दिला की काही क्षण वाहनाचा कोन चढणीपेक्षा बराच वाढतो, आणि बहुतेक कोलांट्या त्याच क्षणी होतात.

टायर आणि चाके

खडकावर मऊ रबर लागते. टायरच्या आत हवा नसते, फोम असतो. आतला थर कडक आणि बाहेरचा थर मऊ असा दुहेरी फोम वापरल्यास टायर दगडाचा आकार धरतो, पण कडेने दुमडत नाही. चिकटवलेल्या टायरऐवजी स्क्रूच्या कड्यांनी टायर पकडणारी चाके घेतली तर फोम बदलणे आणि आत वजन बसवणे सोपे होते. मोटारीच्या टायरच्या दुकानात चाक संतुलित करण्यासाठी मिळणाऱ्या चिकट पट्ट्या या कामी येतात. त्या लोखंडी असाव्यात. शिशाच्या पट्ट्या मुलांच्या हाती देऊ नयेत.

मोठा टायर बसवला की जमिनीपासूनची उंची वाढते, पण ७९ ऐवजी ११५ मिलिमीटरचा टायर फिरवायला अ‍ॅक्सलवर जवळजवळ दीडपट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. येथूनच गिअरच्या बदलाची गरज निर्माण होते.

गिअर, अ‍ॅक्सल आणि मोटर

मोटरीवरच्या लहान दातेरी चाकाला पिनियन आणि ते ज्याला फिरवते त्या मोठ्या चाकाला स्पर म्हणतात. ५६ दातांच्या स्परबरोबर १४ दातांचा पिनियन असेल तर घट ४:१ होते. पिनियन ११ दातांचा केला की ती ५.०९:१ होते आणि चाकाकडे सुमारे २७ टक्के अधिक टॉर्क पोहोचतो. वेग त्याच प्रमाणात घटतो, पण क्रॉलरमध्ये त्याची खंत कोणी करत नाही. उघड्या मोटरींची ओळख तारेच्या वेढ्यांवरून, म्हणजे टर्नवरून, होते. ३५ किंवा ५५ टर्नची मोटर कमी टर्नच्या मोटरीपेक्षा संथ आणि हाताळायला सोपी असते. बॅटरीचा दाब वाढवून वेग मिळवणे आणि लहान पिनियनने तो परत टॉर्कमध्ये बदलणे हा सर्वमान्य उपाय आहे.

बहुतेक क्रॉलरमध्ये दोन्ही अ‍ॅक्सलची डिफरन्शियल कायमची बंद असतात, त्यामुळे एक चाक हवेत राहिले तरी दुसरे ओढत राहते. सपाट फरशीवर वळताना हीच चाके घासतात. पोर्टल अ‍ॅक्सलमध्ये चाकाजवळ आणखी एक गिअरजोडी असते. उनिमॉग या जर्मन ट्रकमुळे प्रसिद्ध झालेल्या या रचनेत अ‍ॅक्सलचे कवच चाकाच्या मध्यापेक्षा वर राहते आणि दगडाला अडत नाही. शेवटची घट चाकाशीच होत असल्याने आतल्या दांड्यांवरचा ताणही कमी होतो.

सुकाणू आणि बॅटरी

दोन दगडांत अडकलेले चाक वळवण्यासाठी सुकाणूची सर्व्हो मोटर दमदार लागते. येथे एक फसवी अडचण येते. दमदार सर्व्हो अडकली की इतका प्रवाह ओढते की ग्राहक यंत्राचा विद्युतदाब कोसळतो आणि वाहन क्षणभर मृतवत होते. दोष रेडिओत शोधला जातो, पण उपाय असतो सर्व्होला स्वतंत्र दाबनियंत्रक देण्याचा.

लिथियम पॉलिमर बॅटरीबाबत निष्काळजीपणा परवडत नाही. तिच्या एका घटाचा पूर्ण भारित दाब ४.२ व्होल्ट असतो आणि तो सुमारे ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. अनेक वेगनियंत्रकांत जुन्या निकेल बॅटरीसाठी वेगळी मांडणी असते. ती न बदलता लिथियम बॅटरी जोडली तर वेळेत प्रवाह तुटत नाही आणि बॅटरी कायमची बिघडते. फुगलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये. भारित करताना माणूस जवळ असावा आणि बॅटरी लाकडी टेबलावर किंवा गादीवर ठेवू नये. दीर्घकाळ ठेवायची असल्यास प्रत्येक घट ३.८ व्होल्टच्या आसपास असावा. मुलांच्या छंदातील हा एकमेव भाग असा आहे की जो मोठ्यांनी स्वतःच्या हाती ठेवावा.

येवला परिसरातील जमीन

दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट कोरडा असताना मऊ रबराला उत्तम पकड देतो. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवला तालुका पर्जन्यछायेत येत असल्याने वर्षाचा मोठा भाग असे कोरडे दगड, मुरूम आणि बारीक धूळ येथे उपलब्ध असते. कडक कातळापेक्षा मुरमाची चढण अवघड, कारण खडे चाकाखालून सरकतात आणि तेथे मऊ रबरापेक्षा खोल नक्षीचा टायर बरा पडतो. धूळ उघड्या मोटरीच्या कार्बन ब्रशांत आणि बेअरिंगमध्ये शिरते, म्हणून रबरी झाकणाची बेअरिंगे बसवली जातात आणि मोटर ब्रशने साफ केली जाते. पावसाळ्यातली काळी माती नक्षीत थापली जाऊन टायरचा गुळगुळीत गोळा करते. त्या दिवसांत अ‍ॅक्सल उघडून ग्रीस बदलावे लागते आणि ओला झालेला फोम बाहेर काढून वाळवावा लागतो.

पतंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्यात संक्रांतीनंतर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. झुडपांत आणि दगडांत अडकलेल्या मांजाचे तुकडे चाकाच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात, बेअरिंगचे झाकण कापतात आणि गिअरपर्यंत पोहोचतात. चाक जड फिरू लागले तर जोर वाढवून सोडवण्याचा प्रयत्न न करता ते उतरवून दोरा कापून काढावा. येवल्याच्या उत्तरेस अंकाई-टंकाई ही जोडकिल्ल्यांची जागा आहे. तेथील कोरीव लेणी आणि पायऱ्यांवर वाहन चालवू नये. पायथ्याशी मोकळ्या पडलेल्या दगडांत चढाईसाठी हवा तितका वाव असतो.