पुराच्या पाण्यातून काढलेली हेराल्ड : जुनी मोटार घरी उभी करण्याचा हिशेब

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नदीकाठच्या भागात आम्हा कापडवाल्यांच्या गाठीच्या गाठी भिजल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्याच पाण्यात एका परिचितांच्या वाड्यात उभी असलेली १९६९ सालची चार दारांची स्टँडर्ड हेराल्ड मोटारही काही दिवस बुडून राहिली. पाणी ओसरल्यावर भंगारवाला वजनावर तिचा भाव सांगू लागला. मी त्याच्यापेक्षा थोडे जास्त देऊन ती विश्रामबागेत आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. घरच्यांनी मला वेड्यात काढले. पुढे साडेतीन वर्षे मी, माझा मुलगा आणि गरजेप्रमाणे बोलावलेले चार कारागीर या गाडीवर काम करीत होतो. त्यात बऱ्याच चुका झाल्या, पैसेही गेले. पण या कामात आपल्या डेंटर, पेंटर, लेथवाले, कुशनवाले आणि पिंजारी बांधवांना किती वाव आहे तेही दिसले. म्हणून हा लेख.

प्रथम ही गाडी काय आहे ते सांगतो. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली निघाली. इटलीच्या मिकेलोत्ती यांनी तिचा आकार काढला होता. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून ती आपल्याकडे बनवली. हिचीच चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स मोटार काढली, ती १९८० पर्यंत चालली. म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या या साध्या दिसणाऱ्या गाडीच्या पोटात एका स्पोर्ट्स मोटारीचा सांगाडा आहे. गिअरचा दांडा अँबेसेडर-फियाटसारखा स्टेअरिंगखाली नसून जमिनीवर आहे, पुढचे बॉनेट मडगार्डसकट पुढच्या बाजूला पूर्ण उघडते, आणि जेमतेम २५ फुटांत ती वळते.

या गाडीची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर जोडलेली आहे, आणि यामागची हकिकत व्यापाऱ्यांनी ऐकावी अशी आहे. ज्या कारखान्याकडून ट्रायम्फवाले तयार बॉड्या घेत, तो फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसी कंपनीने विकत घेतला. एकाच पुरवठादारावर विसंबल्याने नवी गाडी अडचणीत आली. तेव्हा त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी केली आणि वेगवेगळ्या ठिकाणी दाबलेले पत्रे आणून तिच्यावर जोडले. त्यांची ती अडचण साठ वर्षांनी माझ्या कामी आली, कारण घरच्या शेडमध्ये चार माणसांना अशी गाडी सुटी करता येते.

फियाटचे तसे नाही. विश्रामबागेतले अभियांत्रिकी महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिची फियाट ११०० आणि पुढची पद्मिनी या गाड्यांना वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटीच सारा भार घेते. हौसेने कोणी फियाटचा टप कापून उघडी गाडी करायला सांगितली तर कारागिराने विचार करावा. टप कापला की गाडी मध्ये खचते आणि दरवाजे अडकू लागतात. हेराल्डमध्ये भार खाली चासीवर असतो, आणि दोन दारांच्या हेराल्डचा टप तर मुळातच बोल्टांवर बसवलेला आहे. तरीही कायद्याचा प्रश्न राहतोच, तो पुढे सांगतो.

आता माझी पहिली चूक. "आधी धावती करू, मग सजवू," असे म्हणून मी इंजिनाच्या मागे लागलो. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, पिस्टनवर तेल सोडून दोन दिवसांनी इंजिन हाताने फिरवले, आणि ते चालू झाले. गावातल्या एका गॅरेजमध्ये नेऊन सर्व निपलांत ग्रीस भरून घेतले. आठवड्याने मुलाला बाजूला बसवून चौकात वळत असताना पुढचे डावे चाक आडवे पडले आणि गाडी रस्त्यावर बसली. वेग माणसाच्या धावण्याएवढाच होता म्हणून अल्लाहच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही. हीच गोष्ट मिरज रस्त्यावर साठच्या वेगात झाली असती तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

कारण असे. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी सांध्यात आट्यांनी बसलेला असतो. याला ट्रनियन म्हणतात. स्टेअरिंग फिरवले की दांडा त्या आट्यांत फिरतो. या सांध्यात ग्रीस भरायचे नसते, ९० नंबरचे गिअर ऑइल भरायचे असते. ग्रीस घट्ट असल्याने आट्यांच्या तळापर्यंत जात नाही, आत पाणी राहते, दांडा गंजतो आणि जिथे आटे सुरू होतात तिथेच मोडतो. माझ्या गाडीत तर पुराचे पाणी होते, वरून ग्रीसचे झाकण बसले. गॅरेजवाल्याचा दोष मी धरत नाही. बाकी सर्व गाड्यांना ग्रीसच लागते, त्याने सवयीने भरले. हेराल्ड, गॅझेल किंवा स्पिटफायर हाताखाली आली तर दोन्ही दांडे बाहेर काढून आटे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

तेव्हा क्रम उलटा लावला. आधी चासी, मग चाके-ब्रेक-स्टेअरिंग, मग बॉडी, इंजिन सर्वांत शेवटी. बॉडी उचलण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या. दरवाज्यांच्या फटींची मापे लिहून घेतली, आणि दरवाज्याच्या चौकटीत आडवे अँगल बोल्टने आवळले, म्हणजे गंजलेला पत्रा कापताना बॉडी वाकडी होत नाही. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये जे वायसर घातलेले असतात ते कोणत्या बोल्टला किती होते याची खूण करून डब्यात ठेवावी. आमच्या हातून एका बाजूचे मिसळले, आणि दरवाजे नीट बसवायला दीड महिना गेला.

चासीच्या चौकोनी नळ्यांत पुराचा गाळ सिमेंटसारखा बसला होता. बाहेरून रंग चांगला दिसत होता. हातोडीने ठोकत गेलो तेव्हा जिथे आवाज बद्द आला तिथे पत्रा कागदासारखा निघाला. गाळ पाण्याच्या जोराने धुवून, चासी उन्हात वाळवून, गंज काढून, नवा पत्रा वेल्ड करून आतून तेल-मेणाचा थर दिला. वेल्डिंगनंतर चासीची दोन्ही तिरकस मापे दोरीने घेतली. ती सारखी आली तर चासी सरळ. जवळ पेट्रोलची टाकी असेल तर रिकामी म्हणून तिच्यावर विसंबू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त धोक्याची असते.

ब्रेकचे जुने लायनर अॅसबेस्टॉसचे असू शकतात. ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पेंटर बांधवांना आणखी एक विनंती. आजचे दोन घटकांचे पीयू रंग चमक छान देतात, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते एकदा फुप्फुसाला लागले की दमा जन्माचा सोबती होतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. बाहेरची हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. तो महाग आहे हे खरे, पण त्याचा खर्च बिलात लावता येतो, आणि गिऱ्हाईक देत नसेल तर ते काम सोडलेले बरे.

सीटच्या कामाला मात्र मी उस्तादाची गरज मानली नाही, कारण कापड हा माझा धंदा आहे. तिथेही शिकावे लागले. जुन्या सीटमध्ये स्प्रिंग, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या, मग कापसाचा थर आणि वर रेक्झिन असे थर असतात. पुराने स्प्रिंग सोडून सर्व कुजले होते. आजकाल कुशनवाले सरळ फोमचा ठोकळा घालतात. बसायला मऊ लागतो, पण सीटचा आकार फुगीर दिसतो आणि काही वर्षांत मध्ये खड्डा पडतो. रबर लावलेल्या काथ्याची गादी घालून वर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर दिला की जुनी बैठक परत येते. आपल्या पिंजारी-नदाफ बिरादरीत कापूस एकसारखा पसरवण्याचा जो हात आहे तो यंत्राला येत नाही. तयार गाद्यांनी त्यांचा धंदा बसवला, पण हे काम करणारा माणूस शोधत लोक फिरतात, आणि या बिरादरीत कोणी ते शोधायला येत नाही.

रेक्झिन घेताना मागची बाजू उलटून पाहावी. मागे विणकामाचे म्हणजे होजिअरीसारखे कापड असेल तर ते ताणते आणि गोल कोपऱ्यांवर सुरकुती न पडता बसते. ताणा-बाण्याचे कापड असेल तर ते सपाट भागावर टिकते, पण कोपऱ्यावर हट्ट करते. आम्ही सीटचा मधला भाग दुसऱ्याचा आणि कडा पहिल्याच्या केल्या. ताण्याची दिशा नेहमी पुढून मागे ठेवावी, कारण माणूस सरकतो तो त्याच दिशेला. पायपिंगची पट्टी तिरकी कापावी आणि आतली सुती दोरी आधी भिजवून वाळवून घ्यावी. नाहीतर पहिल्या पावसात ती आटते आणि शिवण गोळा होते. कॅनव्हासचा टप शिवायचा असेल तर नुसता सुती धागा कुजतो, नुसता पॉलिएस्टर सुईचे भोक बुजवत नाही म्हणून पाणी झिरपते. आत पॉलिएस्टर आणि वर सूत गुंडाळलेला धागा मिळतो, तो वापरावा. सूत पाण्याने फुगते आणि भोक आपोआप बंद होते.

सुट्या भागांचे सांगतो. मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याच्या बाजारात धीराने फिरले तर पुष्कळ मिळते. इंग्लंडमध्ये हेराल्ड-स्पिटफायरचे ट्रनियन, बुश, रबरी भाग आजही नवे बनतात. टपाल आणि जकात धरून किंमत काढावी. पण चार दारांची हेराल्ड इंग्लंडमध्ये निघालीच नाही. तिचे मागचे दरवाजे, काचा, त्यांची रबरे परदेशात शोधणे व्यर्थ. ते इथेच पत्रा ठोकून करावे लागतात, आणि तिथेच आपल्या कारागिराच्या हाताला किंमत आहे. मिरजेत तंतुवाद्यांचा धंदा शिकलगारांनी उभा केला तो वाद्यांच्या दुरुस्तीतूनच. दुरुस्ती करता करता ते स्वतः वाद्ये घडवू लागले.

आता फेरबदलाचा आणि कायद्याचा भाग. यात कारागीर आणि मालक दोघेही फसतात. माझ्या मुलाला ही गाडी स्पिटफायरसारखी करायची होती. दुसरे मोठे इंजिन, उघडा टप, रुंद चाके. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कागदावर असलेला तपशील बदलेल असा फेरबदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कारखान्याच्या मूळ नमुन्यापासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. इंजिन बदलणे किंवा रंग बदलणे यासाठी आरटीओची परवानगी व नोंद लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपातली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या खास नंबरखाली नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल झालेला असेल तर ती विंटेज धरली जात नाही. शेवटच्या हेराल्डनेही आता पन्नाशी ओलांडली आहे. म्हणजे हौसेने टप कापणारा माणूस आपल्या गाडीची निम्मी किंमत स्वतःच कापून टाकतो.

दुसरी गोष्ट. बरेच जण लग्नाच्या वरातीला भाड्याने देण्याच्या आशेने अशा गाडीत पैसे घालतात. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती निघते. साध्या खासगी नंबरची गाडीही भाड्याने देता येत नाही. हे गणित आधी मांडावे. आम्ही मग इंजिन, बॉडी, चासी मूळचीच ठेवली. सीट, गालिचा, स्टेअरिंगचे चामड्याचे आवरण आणि बोल्टने काढता येतील अशा दोन-चार वस्तू मुलाच्या मनासारख्या केल्या. काढलेला प्रत्येक जुना भाग पेटीत जपून ठेवला आहे.

कारागिरांच्या मजुरीवरून या धंद्यात भांडणे फार होतात, कारण गंज किती हे पत्रा उघडेपर्यंत कोणालाच कळत नाही. आपल्या फिक्हमध्ये यासाठी चांगला भेद आहे. माल कारागिराचा आणि नमुना व किंमत आधी ठरलेली असेल तर तो इस्तिस्ना. माल मालकाचा आणि हात कारागिराचा असेल तर ती मजुरी, म्हणजे इजारा. मोटारीत दोन्ही मिसळतात, म्हणून बिलेही दोन करावीत. नवा दरवाजा ठोकून देण्याची किंमत आधी ठरवावी. गंज काढण्याचे काम मात्र दिवसाच्या दराने घ्यावे, दर आठवड्याला हिशेब लिहून दोघांनी सही करावी. उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, तरी आपण 'घरचाच माणूस आहे' म्हणून लिहीत नाही. माझेही एका डेंटरशी याच कारणाने तीन महिने बोलणे बंद होते. चूक माझी होती, मी तोंडी 'बघू' म्हणालो होतो.

लांबीचा विषय राहिला. गंजलेल्या भोकावर जाळी ठेवून लांबी भरली आणि रंग मारला की दोन पावसाळे गाडी नवी दिसते. विकत घेणाऱ्याने फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवावे. जिथे धरत नाही तिथे खाली लांबी आहे. विकणाऱ्याने मालातला ऐब सांगितलाच पाहिजे, हे दुकानात आपण मानतो. भिजलेला तागा सुका म्हणून विकणारा आणि लांबी भरलेली चासी पक्की म्हणून विकणारा यांत मला फरक दिसत नाही. चासीवर तर मामला जिवाचा आहे.

गाडी २०२३ च्या हिवाळ्यात रस्त्यावर आली. दर तीन महिन्यांनी ट्रनियनमध्ये तेल मी स्वतःच्या हाताने भरतो. मागच्या डाव्या दाराचे रबर अजून नीट बसत नाही, पावसात दोन चमचे पाणी आत येते. कोणा वाचकाकडे त्या रबराचा जुना तुकडा असेल तर नमुन्यासाठी पाहायला आवडेल.