एक प्रश्न, एक रुपया, एक मत

सकाळचे अकरा. लोकसभेचे अध्यक्ष एका सदस्याचं नाव पुकारतात. सदस्य उभे राहतात आणि फक्त आपल्या प्रश्नाचा क्रमांक सांगतात. प्रश्न छापील यादीत असतोच, तो वाचून दाखवावा लागत नाही. मंत्री उठतात आणि तयार उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवतात. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे होतं. मग तेच सदस्य पुन्हा उठून पुरवणी प्रश्न विचारतात. हा प्रश्न कुठल्याही यादीत नसतो, मंत्र्यांना तो आधी कळवलेला नसतो. हजारो कोटींचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या प्रमुखाला साऱ्या देशासमोर तिथल्या तिथे बोलावं लागतं. सरकार नावाची अवाढव्य गोष्ट एका माणसाच्या एका वाक्यापुढे उत्तर द्यायला उभी राहते, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. 1892 च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारू दिले, पण उत्तर ऐकून खाली बसायचं, पुढे काही विचारायचं नाही. ज्याने प्रश्न विचारला त्याला पुरवणी प्रश्नाची मुभा मिळायला 1909 साल उजाडलं. 1902 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात अर्थसंकल्पावर गाजलेलं भाषण केलं. दुष्काळ आणि प्लेगने रयत खंगलेली असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत, हे त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन मांडलं. पण त्या अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आज लोकसभेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्याच्या हातात जे आहे, ते गोखल्यांच्या हातात नव्हतं.

प्रश्नाचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. साधारणपणे किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. एका दिवसाच्या तोंडी उत्तरांच्या यादीत वीसच तारांकित प्रश्न बसतात, आणि कोणाचे बसणार हे सोडतीने ठरतं. तिथे मोठा पक्ष, छोटा पक्ष असा भेद नाही. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरं मिळतात, ती वेगळीच. प्रश्न मंत्रालयात पोहोचला की फाइल हलू लागते. खालच्या कार्यालयांकडून माहिती मागवली जाते, आकडे ताडून पाहिले जातात, उत्तराचा मसुदा अधिकाऱ्यांच्या हातून वर चढत मंत्र्यांपर्यंत जातो. सोबत आणखी एक टिपण तयार होतं: सदस्य पुढे काय काय विचारू शकतील आणि त्यावर काय सांगायचं. म्हणजे जो प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही, तोसुद्धा सरकारला आपलं घर तपासायला लावतो.

एका प्रश्नातून केवढं वादळ उठू शकतं, ते 1957 मध्ये दिसलं. आयुर्विमा महामंडळ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. त्याने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे 1 कोटी 24 लाख रुपयांचे शेअर घेतले होते. हा पैसा विमेदारांचा, आणि गुंतवणूक समितीला बाजूला ठेवून तो गुंतवलेला. सप्टेंबरमध्ये लोकसभेत याविषयी प्रश्न आला. मिळालेल्या उत्तरांनी समाधान झालं नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी सभागृहात या व्यवहाराची चिरफाड केली. ते काँग्रेसचे खासदार होते, सरकार काँग्रेसचं होतं आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू त्यांचे सासरे होते.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. छागलांनी सुनावणी मुंबईत आणि खुली घेतली. गर्दी एवढी लोटली की बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री आणि बडे अधिकारी काय साक्ष देतात, ते रस्त्यावरचा माणूस उभ्याने ऐकत होता. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असा निष्कर्ष छागलांनी काढला. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. पहिल्या प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत सहा महिनेही लागले नाहीत.

प्रत्येक प्रश्नाचा शेवट असा होत नाही. बहुतेक वेळा मंत्री म्हणतात, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘चौकशी चालू आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, विषय गुंडाळला. पण संसदेने या वाक्यांचीच यादी करून ठेवली आहे. असं वाक्य मंत्र्याच्या तोंडून निघालं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं. ते पूर्ण झालं की नाही, हे पाहायला लोकसभेने 1953 मध्ये आश्वासन समिती नेमली. लोकसभेच्या अध्यक्षपदी तेव्हा गणेश वासुदेव मावळंकर होते. टोलवण्यासाठी वापरलेलं वाक्यच वचन म्हणून धरायचं, ही युक्ती ज्यांना सुचली त्यांना माणसाचा स्वभाव नीट कळला होता.

आता पैशाकडे वळू. संसदेच्या मंजुरीशिवाय सरकार कर बसवू शकत नाही आणि देशाच्या संचित निधीतून एक पैही काढू शकत नाही. खात्यांच्या मागण्या मतास टाकल्या जातात, तेव्हा सदस्य कपात सूचना मांडतात. शंभर रुपये कमी करा, अशी सूचना असेल तर विशिष्ट गाऱ्हाण्याला वाचा फुटते. अख्खी मागणी एक रुपयावर आणा, अशी सूचना असेल तर तिचा अर्थ, तुमचं धोरणच आम्हाला मान्य नाही. ती मंजूर झाली तर सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही, असंच मानलं जातं. कपात सूचना मंजूर होणं फार विरळा, पण तिच्या निमित्ताने धोरणाचा जाब विचारला जातो.

पैसा खर्च झाल्यावरही सुटका नाही. महालेखापरीक्षक हिशेब तपासतात आणि त्यांचे अहवाल लोकलेखा समितीपुढे येतात. समितीत लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात सदस्य असतात. मंत्र्यांना तिथे जागा नाही, आणि 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. खात्याच्या सचिवांना तिथे बसून उत्तरं द्यावी लागतात.

आणि शेवटचं हत्यार, मत. 17 एप्रिल 1999 रोजी अटलबिहारी वाजपेयींच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने 269 मतं पडली, विरोधात 270. एका मताने देशाचं सरकार गेलं.

हे असंच असावं, हे घटनाकारांनी विचारपूर्वक ठरवलं होतं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की स्थैर्य आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीत सारख्या प्रमाणात मिळत नाहीत, आणि या मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे. मतदार सरकारची परीक्षा ठरावीक काळाने घेतो. संसद ती रोज घेते, प्रश्नांतून, ठरावांतून, चर्चांतून.

पण रोज घ्यायची परीक्षा रोजच व्हायला हवी. पहिल्या लोकसभेच्या 677 बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या 274. अनेक खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे मताची धार बोथट झाली आहे. प्रश्नाची मात्र झालेली नाही. पक्षादेश मतदानाला लागू होतो, प्रश्नाला नाही. सत्ताधारी बाकावरचा सदस्यही आपल्याच मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो; फिरोज गांधींनी तेच केलं होतं. म्हणून प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून जातो तेव्हा नुकसान कुठल्या पक्षाचं नाही, आपलं होतं.

संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरं कोणालाही वाचता येतात. आपल्या खासदारांची एकदा उघडून पाहा. त्यांनी आपल्या भागाच्या पाण्याबद्दल, रेल्वेबद्दल, पीकविम्याबद्दल काय विचारलं आणि सरकारने काय कबूल केलं, ते वाचा. काही राहून गेलं असेल तर त्यांना पत्र लिहून सांगा की पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न विचारा. सरकारला जाब विचारायचं काम संसदेचं आहे. संसद ते करते की नाही, हे पाहायचं काम आपलं आहे.