शिरस्त्वचापटांचे गणितीय नियोजन
भाजणे, अपघात, कर्करोगाची शस्त्रक्रिया इ. कारणांनी डोक्याच्या त्वचेत झालेली मोठी जखम झाकण्यासाठी लगतची त्वचा रक्तपुरवठ्यासह सरकवितात. एका बाजूने मूळ जागी जोडलेल्या अशा भागास त्वचापट म्हणतात. त्याचे भूमितीय नियोजन सोव्हिएट शस्त्रक्रियाविशारद आलिक्सांद्र लिंबर्ग यांनी १९४६ मधील ग्रंथात पद्धतशीरपणे मांडले.

डोक्याच्या त्वचेखालचा बळकट तंतुमय थर फारसा ताणला जात नाही. त्यामुळे आखणीतील चूक येथे ताणाने भरून निघत नाही. त्रिकोणी जखमेवर वर्तुळकंसाकृती पट फिरविताना पटाच्या कडेला स्वतःची लांबी अधिक जखमेची रुंदी इतकी समोरची कड गाठावी लागते. रुंदी ३ सेंमी. व पटाची कड ६ सेंमी. असल्यास तफावत कडेच्या ५०%, तर कड १५ सेंमी. असल्यास २०% येते. म्हणून लहान जखमेसाठीही लांब छेद घेतात. तंतुमय थरावर आतून, ओढीच्या दिशेला काटकोनात, छेद दिल्यास उरलेला ताण कमी होतो. मात्र रक्तवाहिन्या या थराच्या लगेच वर असल्याने छेद खोल जाऊ देत नाहीत.

कवटी बहिर्वक्र असते. गोलपृष्ठ ताणल्याशिवाय सपाट होत नाही, हे गौस यांच्या १८२७ च्या प्रमेयावरून निष्पन्न होते. त्यामुळे कागदावरील आखणी डोक्यावर तंतोतंत बसत नाही. शिवाय पटाच्या मुळाशी पुरेशी रोहिणी नसल्यास बिनचूक मापाचा पटही मरतो व हाड उघडे पडते. गणित छेदाची लांबी सुचविते. तिची मर्यादा रक्तपुरवठा ठरवितो.