ऐन मोक्याला पडलेला पिवळा रुमाल
१२ फेब्रुवारी २०२३, ग्लेनडेल, ॲरिझोना. अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३५-३५ अशा बरोबरीत. उरली होती जेमतेम दोन मिनिटं. चीफ्सचा पास हुकला, पण नियमभंगाची खूण म्हणून पंचांचा पिवळा रुमाल मैदानावर पडला होता. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबरीनं जुजू स्मिथ-शुस्टरला धरलं होतं!

चीफ्सना नव्यानं चार संधी मिळाल्या. त्यांनी घड्याळ पळू दिलं आणि आठ सेकंद उरले असताना हॅरिसन बटकरच्या किकवर सामना ३८-३५ असा जिंकला.

एवढ्याशा ओढाताणीवर अंतिम सामन्याचा निकाल लागावा? चाहत्यांचा संताप समजण्याजोगा होता. पण जर्सी ओढल्याचं ब्रॅडबरीनं सामन्यानंतर स्वतःच कबूल केलं. पंचांचा निर्णय बरोबरच होता.